जुनी वस्ती पुढे कोणाची?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पानशेत येथे भरलेल्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी धर्मगुरूने गतकाळाचे गुणगान करावे अशी रीत आहे. ते काम आमच्याहून अधिकारी मंडळींनी सकाळपासून केलेच आहे. आम्ही पुढील काळाबद्दल बोलणार आहोत, व तेही एका अगदी प्रापंचिक गोष्टीबद्दल. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी अनेकजण एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आम्हांस विचारीत आले आहेत. कोणी म्हणतो, वाड्याच्या मालकाने बिल्डर आणला आहे. कोणी म्हणतो, समोरच्या बैठ्या घरांच्या जागी बारा मजले उठले. कोणी नुसतेच विचारतो, "फादर, आपली वस्ती आता मोठ्या लोकांची होणार काय?" या प्रश्नास एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात, त्यांपैकी बहुतेकांस काहीतरी विकावयाचे असते. आमच्यापाशी विकण्यासारखे काही नाही, म्हणून आमचे उत्तर थोडे लांबेल.

जुन्या, पडक्या, स्वस्त वस्तीत पैसेवाले येऊन राहू लागतात, घरे सुधारतात, भाडी चढतात आणि मूळचा गरीब रहिवासी हळूहळू बाहेर पडतो, या क्रियेस इंग्रजीत जेंट्रिफिकेशन म्हणतात. रूथ ग्लास नावाच्या विदुषीने हा शब्द १९६४ साली लंडनसंबंधी लिहिताना प्रथम वापरला. तेथे कामगारांच्या जुन्या घरांत मध्यमवर्गीय कुटुंबे शिरली, त्यांनी तीच घरे दुरुस्त केली, रंगविली, आणि पाहता पाहता त्या भागाचे रूप पालटले. आपल्याकडे यास नेमका शब्द रूढ नाही. आपले लोक 'एरिया सुधारला' एवढेच म्हणतात. कोणासाठी सुधारला, हे त्या दोन शब्दांत येत नाही.

परंतु आपल्याकडे ही गोष्ट लंडनच्या चालीने होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पुण्यातला धनिक मनुष्य शनिवार पेठेतला पडका वाडा विकत घेऊन, त्याच्या तुळया घासूनपुसून, त्यात बिऱ्हाड थाटीत नाही. अपवाद असतील, ते बोटांवर मोजण्याजोगे. तो येतो तो वाडा पाडल्यावर, आणि लिफ्ट व मोटार ठेवण्याची जागा झाल्यावर. म्हणजे आपली जुनी वस्ती बदलते ती बहुधा पाडून पुन्हा बांधल्याने. आणि पाडणे-बांधणे हे पैशावर जितके अवलंबून असते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, कागदावर अवलंबून असते. जमीन कोणाची, राहणारा कोणत्या हक्काने राहतो, आणि सरकारदरबारी त्याची नोंद काय, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या वस्तीचे भविष्य पुष्कळसे वाचता येते. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढे जे बोलू तो त्याचा पुरावा समजावा.

आणि या पुराव्यास पानशेतइतके योग्य स्थळ दुसरे नाही. वेल्हे तालुक्यातला, म्हणजे आता ज्यास राजगड तालुका म्हणतात त्यातला, हा तलाव पाहावयास आपण आज सहलीच्या हौसेने आलो. यास तानाजीसागर असे नाव आहे; साडेदहा टीएमसीहून थोडे अधिक पाणी यात मावते आणि पुण्याच्या नळास ते येते. याच आंबी नदीवरचे मातीचे धरण, बांधकाम पुरे होण्याआधीच भरले, आणि १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून त्यास तग धरावयास लाविले नसते, तर तो लोंढा झोपलेल्या शहरावर गेला असता. खाली खडकवासल्याचे जुने दगडी धरण होते. तेही टिकले नाही. मुठेच्या काठच्या शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत पाणी शिरले, आणि माती-विटांचे जुने वाडे त्यात बसले. आमचा जन्म पुरानंतरचा. पण ज्यांनी तो दिवस पाहिला असे काही वडीलधारे आज समोर बसले आहेत, आणि त्यांच्यापुढे पुराचे वर्णन करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मृतांच्या संख्येबद्दल आजही एकमत नाही.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो पुराच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे जे झाले त्याचा. बेघर झालेल्या हजारो कुटुंबांस कोठेतरी बसविणे भाग होते. तेव्हा जे माळ व डोंगरउतार शहराबाहेरचे गणले जात, तेथे पूरग्रस्तांच्या वसाहती उठल्या. त्यांतल्या तीनच घेऊ. पर्वतीच्या पायथ्याशी सहकारनगर झाले. नावच सांगते की, तेथे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांना भूखंड मिळाले, सरकारी जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. नव्या पेठेलगत लोकमान्यनगर झाले. तेथे हाउसिंग बोर्डाने इमारती बांधून लहान लहान गाळे दिले. आणि गोखलेनगरच्या बाजूस प्रथम पत्र्याच्या अर्धगोल निसन हट उभ्या राहिल्या व मागाहून लहान घरांची दाट वस्ती झाली. पाणी एकच, पण कोणास भूखंड, कोणास गाळा, आणि कोणास पत्र्याचे छप्पर. त्या वेळी या भेदाकडे कोणी फारसे पाहिले नसेल. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसास पाऊस लागत नाही अशी जागा मिळाली, हेच पुष्कळ होते.

आज साठ वर्षे उलटल्यावर या तिहींकडे पाहा. तिन्ही जागा आता शहराच्या पोटात आल्या आहेत, आणि जमिनीचा भाव तिन्हींकडे चढला आहे. पण त्यांचे दैव निराळे आहे. सहकारनगरात मूळ सभासदाच्या नातवंडांनी बंगला पाडून चार-पाच मजले चढविले. एक मजला स्वतःस ठेविला, बाकीचे विकले, असे ठिकठिकाणी दिसते. शिवाय २०१९ साली शासनाने भाडेपट्ट्याच्या जमिनी ठराविक रक्कम भरून मालकीच्या करून घेण्याचे नियम काढले, तेव्हा या संस्थांच्या कागदास आणखी बळकटी येण्याची वाट मोकळी झाली. ही वस्ती श्रीमंत झाली खरी, परंतु तेथून मूळ मनुष्य हाकलला गेला असे म्हणता येणार नाही. तो गेला असेल तर आपल्या सहीने, आणि पैसे मोजून घेऊन.

लोकमान्यनगरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथल्या गाळ्यांस वय झाले, गिलावा सुटला, आणि एकेका इमारतीच्या सभासदांनी आपापला पुनर्विकास करून घेण्याची खटपट चालविली. तोच २०२५ साली संपूर्ण वसाहतीचा एकत्रित पुनर्विकास करण्याचा विचार पुढे आला आणि स्वतंत्रपणे चाललेली कामे थांबली. त्यावर रहिवाशांनी आवाज उठविला. कोणाचे बरोबर, याचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. मोठ्या योजनेत रुंद रस्ते व बागा होऊ शकतात, हे खरे. आणि ज्यांचे काम सुरू होण्याच्या बेतात होते त्यांची वर्षे वाया जातात, हेही खरे. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तेथे मोठे लोक येणार की नाही, याबद्दल कोणाचा वाद नाही. शहराच्या मधोमध असलेल्या त्या जागेवर ते येणारच, असे दोन्ही पक्ष धरून चालले आहेत. वाद आहे तो सही कोणी करावयाची, याबद्दल.

तिसऱ्या जातीच्या वस्तीत मात्र सही करणाराच नक्की नसतो. जेथे एका लहान घराचे तीन मजली घर झाले, प्रत्येक मजल्यावर एकेका भावाचा संसार आला, मूळ कागद आजोबांच्या नावे राहिला, वा घर साध्या कागदावर हातोहात दुसऱ्यास गेले, तेथे बिल्डर येतो, चहा पितो आणि निघून जातो. सेनापती बापट रस्त्यावरच्या काचेच्या इमारती गोखलेनगर-जनवाडीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. इतका पैसा इतक्या जवळ असून ती वस्ती अजून कष्टकऱ्यांची राहिली, याचे श्रेय कोणाच्या दयाबुद्धीस देऊ नये. कागदांचा गुंता हेच तिचे कुंपण झाले आहे. आणि कुंपण एकदा मोडले, म्हणजे सरकारी योजनेने वा अन्य रीतीने, तर आत ज्याची नोंद नाही त्याची गणतीही होणार नाही.

आता पेठांतल्या वाड्यांकडे येऊ, कारण आपल्या धर्मग्रामातील बरीच जुनी बिऱ्हाडे वाड्यांतच आहेत. वाडा का पडत नाही आणि का सुधारत नाही, हे कोडे बाहेरच्या माणसास उलगडत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. त्याची जागा घेणारा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, परंतु जुन्या भाडेकरूचे संरक्षण चालू राहिले. तेव्हा जेथे महिन्यास एका जेवणाच्या खर्चाइतके भाडे येते, तेथे मालक कौले शाकारीत नाही. भाडेकरूही दुरुस्ती करीत नाही, कारण घर त्याचे नाही. पावसाळ्यात एखादी भिंत ढासळते, महानगरपालिका धोकादायक वाडा म्हणून नोटीस लाविते, आणि तरी भाडेकरू जीव मुठीत धरून आतच राहतो. कारण एकदा बाहेर पाऊल टाकले तर हक्क गेला, अशी त्यास धास्ती असते. ती धास्ती अगदीच खोटी नाही.

नील स्मिथ नावाच्या भूगोलशास्त्रज्ञाने १९७९ साली असे मांडले की, जमिनीतून आज जे उत्पन्न होते आणि उद्या होऊ शकेल, या दोहोंतील अंतर पुरेसे वाढले म्हणजे पैसा तेथे धावत येतो. वस्तीची आवड-निवड, जुन्या घरांची गोडी, हे सर्व मागाहून. हा नियम पेठांस लावला तर सदाशिव पेठेत कधीच सगळे वाडे जाऊन मनोरे उठावयास हवे होते. पुष्कळ वाडे गेलेही. परंतु जे राहिले त्यांत तो पैसा दाराशी येऊन अडला आहे. मालकांचे बारा वारसदार, त्यांपैकी दोघे परदेशी, एक कोर्टात. नऊ भाडेकरू, त्यांतले तीन एकमेकांशी बोलत नाहीत. आणि पुढे दहा फुटी बोळ, ज्यात उंच इमारतीस परवानगी मिळत नाही. अंतर आहे, पण पूल नाही. ज्या वाड्यात सर्वांच्या सह्या जुळतात तो दोन वर्षांत जातो, आणि शेजारचा तसाच पिंपळाची रोपे अंगावर घेऊन उभा राहतो. एकाच गल्लीत हे दोन्ही दिसते, म्हणून लोक गोंधळतात.

कॅम्पातल्या आपल्या बांधवांस येथे एक शब्द सांगितला पाहिजे. तेथे बऱ्याच जुन्या बंगल्यांची जमीन सरकारची व वरचे बांधकाम तेवढे धारकाचे, असा 'ओल्ड ग्रँट'चा प्रकार आहे, आणि छावणीचे बांधकामाचे नियमही कडक. म्हणून कॅम्प जुना राहिला. तो कोणी जतन केला, असे नाही.

आता मुंबईकडे जाऊ, कारण तेथल्या गोष्टीत आपल्याच धर्माचे व आपलीच भाषा बोलणारे लोक आहेत. गिरगावची खोताची वाडी, वांद्र्याचे रणवार, ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी गावे. लाकडी जिने, पुढे ओसरी, कोपऱ्यावर क्रूस. खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टांच्या घरात अशी घरे होती. त्यांतली निम्मीही राहिली नाहीत. रणवारात आज जुन्या घरांच्या तळमजल्यावर कॉफीची व कपड्यांची दुकाने आहेत आणि लोक भिंतींपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. लंडनची चाल आपल्या इलाख्यात कोठे दिसत असेल तर ती येथे.

आणि ध्यानात घ्या, येथे पुष्कळ कुटुंबे भाडेकरू नव्हती; घर त्यांच्या मालकीचे होते. आम्ही म्हटले की कागद असलेला राहतो. मग हे का गेले? कारण कागद मनुष्यास धरून ठेवीत नाही, तो फक्त त्यास विचारल्याशिवाय हलवू देत नाही. मुले कॅनडात वा आखातात गेली, वृद्ध आईबापांस लाकडी घराची डागडुजी झेपेना, भावंडांत वाटणी कशी करावी हे सुटेना. शेवटी विकून पैसे वाटणे सर्वांत सोपे ठरले. त्यांस दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्याने कधी पावसाळ्याआधी कौलांचा खर्च दिला नाही, त्याने वारसा जपण्याचा उपदेश करू नये. मात्र एक भेद आहे आणि तो मोठा आहे: विकून गेलेल्याच्या हाती काहीतरी पडते. त्याच घराच्या मागल्या खोलीत राहणाऱ्या भाडोत्र्याच्या हाती काही पडत नाही.

गिरणगावात हा भेद फार मोठ्या प्रमाणावर दिसला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करून एक मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरांस व एक मालकास, असे ठरले होते. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची व्हावी. गिरणीच्या इमारतीखालची जमीन त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल ग्राह्य धरला. नियमातल्या एका फेरफाराने केवढी जमीन लोकांच्या वाट्यातून निसटली, याचा विचार करावा. लोअर परळ श्रीमंत झाले ते कोणा हौशी मनुष्यास चिमणी आवडली म्हणून झाले नाही.

परंतु त्याच परिसरात दुसरीही गोष्ट घडली आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. १९२० च्या दशकात बांधलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींतील एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या लोकांपैकी पहिल्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच ठिकाणी पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उशीर फार झाला, वाटेत पुष्कळ भांडणे झाली. पण माणसे आपल्या जागी राहिली. कारण सरकारी चाळीचा का होईना, त्यांच्यापाशी भाडेकरू म्हणून नोंदलेला हक्क होता. यापुढे त्यांची परीक्षा निराळी आहे. उंच इमारतीची लिफ्ट, पाण्याचे पंप, पहारेकरी यांचा दरमहा खर्च पेलला नाही, तर मिळालेले घर विकून दूरच्या उपनगरात जाण्याचा मोह होतो. मुंबईत पुनर्विकास झालेल्या कित्येक इमारतींत हे घडलेले आहे. जुना मनुष्य बाहेर पडतो तो नेहमी पाडकामाच्या दिवशीच पडतो असे नाही. कधी कधी तो पाच वर्षांनी, मेंटेनन्सच्या बिलामुळे पडतो.

श्रीमंती येणारच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी एक उदाहरण येथून डोंगरापलीकडचे. शेजारच्या वरसगाव जलाशयाच्या काठी लवासा नावाचे नवे नगर वसविण्याचा बेत झाला. इटलीतल्या गावांसारखे रंगीत घाट, हॉटेले, बंगले. २०१० साली केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबविण्याची नोटीस दिली, आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या पाण्यासाठी या खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांनी आपली गावे सोडली, त्याच्या काठी धनिकांचे गाव उठावयाचे होते. तेही पुरते उठले नाही. तेव्हा जाहिरातीतल्या चित्रावर भिस्त ठेवून आजचे घर कवडीमोलाने देऊ नये, आणि उद्या कोटी मिळतील या आशेवर आजची गळकी भिंत तशीच ठेवू नये.

मग आपल्या वस्तीचे काय? आमचा अदमास असा आहे. मध्यवर्ती, रुंद रस्त्यालगत, संस्थेच्या वा एकाच मालकाच्या नावे असलेली जागा येत्या दहा-पंधरा वर्षांत बदलेल, आणि तेथे आजच्यापेक्षा पैसेवाले लोक येतील, हे जवळजवळ निश्चित समजावे. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो शिवाजीनगर न्यायालयापासून कसबा पेठ व मंडईवरून स्वारगेटपर्यंत धावू लागली. तिच्या स्थानकासाठी कसब्यातली काही घरे अगोदरच हलली होती. स्थानकाच्या आसपासच्या वाड्यांत सह्या आता लौकर जुळतील. अरुंद बोळांतले वाडे मात्र रेंगाळतील. आणि नदीकाठच्या निळ्या पूररेषेत सापडलेल्या इमारती या दोहोंत न बसणाऱ्या. तेथे नव्या बांधकामास परवानगी नाही, म्हणून बिल्डर फिरकत नाही, आणि घरे जुनी होत जातात. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली, हे आपण पाहिले. अशा ठिकाणी श्रीमंत येण्याचे भय नाही; भय आहे ते गरिबाने तेथे अडकून राहण्याचे. हे दुसरे भय आम्हांस अधिक मोठे वाटते, आणि त्याबद्दल बोलणारे फार थोडे.

आपल्या चर्चचाही यात संबंध आहे. वस्ती बदलली की मिस्सेला येणारे चेहरे बदलतात. आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीत राहण्याचा पत्ता लिहिण्याची जागा आहे. ती पाने चाळली तर पेठांची नावे हळूहळू कमी होतात आणि वडगाव शेरी, चंदननगर, कोंढवा, वाघोली ही नावे वाढत जातात. ज्यांनी या चर्चची वीट न् वीट वाहिली त्यांची मुले रविवारी दोन बस बदलून येतात. पुढे तीही येणार नाहीत, आणि यावीत असा आग्रह आम्ही धरू शकत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. धर्मग्रामाच्या ताब्यातली जमीनही याच शहरात आहे, तिलाही भाव आहे, आणि तिच्यावर काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. उद्या तिचा पुनर्विकास करण्याचा विचार निघाला, तर मालकाच्या खुर्चीत आपण असू. तेव्हा मागल्या खोलीतल्या बिऱ्हाडाचे नाव यादीत घालावयाचे की नाही, हे आपणच ठरवू. तो प्रसंग येण्याआधी यादी करून ठेवावी, असा ठराव आम्ही समितीपुढे मांडला आहे.

ज्यांच्यापाशी काहीच कागद नाही, त्यांची चिंता आम्हांस सर्वांत अधिक आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे, पोटभाडेकरू, जिन्याखाली इस्त्रीचे टेबल मांडून बसणारा, वाड्याच्या तोंडाशी भाजी विकणारी बाई, आणि चार घरी धुणीभांडी करणारी आपली भगिनी, जिला आज कामावर चालत जाता येते. या लोकांस कोणत्याही करारनाम्यात कलम नसते. इमारत पडते त्या दिवशी त्यांचे घर व धंदा दोन्ही जातात, आणि नव्या इमारतीचा पहारेकरी त्यांस फाटकाशी उभे राहू देत नाही. कायद्याने त्यांस फारसे काही देता येत नाही. परंतु सोसायटीची सभा ठराव करून एक दुकानगाळा, एक इस्त्रीवाल्याची जागा, नकाशात राखून ठेवू शकते. सभेत बसणारे आपल्यापैकीच आहेत.

ज्यांच्यापाशी कागद आहेत, पण विखुरलेले, त्यांच्यासाठी आता कामाचे बोलून थांबतो. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरूचा हक्क कायद्याने मिळू शकतो. पण नाते आणि राहणे, दोन्ही दाखवावी लागतात. आजोबांचे नाव पावतीवर 'अंतोन' आणि शाळेच्या दाखल्यावर 'अँथनी' असेल, तर आमची बाप्तिस्म्याची व लग्नाची वही कामास येते. उतारा मागावयास संकोच करू नये. सोसायटी असेल तर विकासक निवडण्याची सभा सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालील २०१९ च्या सूचनांप्रमाणे झाली की नाही, हे विचारावे. विचारणाऱ्यास बिल्डरचा शत्रू म्हणण्याची जी फॅशन निघाली आहे तिकडे लक्ष देऊ नये. पर्यायी जागेचा करार नोंदणी झाल्याशिवाय, मधल्या काळातील भाड्याची हमी लेखी मिळाल्याशिवाय, आणि नव्या घराचे क्षेत्रफळ 'कार्पेट' आहे की अन्य काही हे समजल्याशिवाय किल्ली देऊ नये. कोऱ्या संमतीपत्रावर सही तर मुळीच करू नये, मग तो कागद घेऊन येणारा आपल्याच वॉर्डातला, आपल्याच ओळखीचा असला तरी.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या सभागृहात दोन वकील बसणार आहेत. दोघेही आपल्यातलेच, आणि फी घेणार नाहीत. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी भाडेपावत्या, असल्यास मिळकतपत्रिकेचा उतारा, रेशनकार्ड, वीजबिल, महानगरपालिकेची नोटीस आली असल्यास ती, आणि पूरग्रस्त म्हणून मिळालेल्या जागेचे वाटपपत्र घेऊन यावे. मूळ कागद आणावेत, झेरॉक्स नको. आणि वृद्ध आईवडिलांस घरी ठेवून येऊ नये, कारण कोणती पावती कोणत्या ट्रंकेत आहे हे बहुधा त्यांसच ठाऊक असते.